बांधावरची तार आणि कुत्र्याचं थांबलेलं काळीज



आज पिकाची नोंद नाही. भाताचं, रताळ्याचं पुढच्या खेपेला लिहितो. आज कुत्र्यावर लिहायचं आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती आधी कबूल करतो. वर्षभर लिहू की नको करत होतो. पण पावसाळा संपत आला, रताळी भरायला लागली, आणि शिवारात रात्रीचे दिवे दिसायला लागले. आता गप्प बसलो तर पुन्हा कुणाच्या तरी घरात तेच होणार.

मागच्या नवरात्राच्या आधीची गोष्ट. माळाच्या तुकड्यात रताळी काढणीला आलेली. ज्यांनी आपल्या चंदगडात रताळी केल्यात त्यांना सांगायला नको. रानडुकराला एकदा वास लागला की एका रात्रीत तुकडा नांगरल्यासारखा करून जातंय. गवा येतो ते वेगळं, आणि हत्ती उतरला तर विषयच संपला. चार रात्री जागून काढल्या. पाचव्या दिवशी मी मोटरच्या पेटीतनं एक फेज काढली आणि बांधाच्या कडेनं उघडी तार फिरवली. गुडघ्याच्या खाली, डुकराच्या उंचीला. रात्री चालू, पहाटे बंद.

आई दोनदा म्हणाली, "आरं, कुणाचं तरी माणूस जाईल."

मी म्हटलं, "रातचं कोण येतंय तिकडं?"

खंड्या आला. आमचा पाच वर्षांचा गावठी कुत्रा, राखणीला माझ्याबरोबरच असायचा. त्या रात्री मी त्याला घरी बांधून आलो होतो. पोरगं हलकर्णीच्या एमआयडीसीतनं दुसरी पाळी करून आलं, मला डबा द्यायला म्हणून शेताकडं निघालं, आणि खंड्या दावं तोडून त्याच्यापुढं पळत आला. एकदाच किंचाळल्याचा आवाज झाला. पुन्हा काहीच नाही.

मी धावलो. हात लावणार एवढ्यात पोरानं मागनं सदरा धरून ओढलं. "बाबा, थांबा! आधी मेन पाडा." हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. कुत्रा तारेला चिकटलेला होता, जमीन ओली, माझे पाय अनवाणी. तो नसता तर आज ही नोंद लिहायला मी नसतो.

मेन पाडला, मग कुत्र्याला बाजूला घेतलं. डोळे उघडे, जीभ निळी पडलेली, लघवी झालेली. हाक मारली, हलवलं, काही नाही. मधेच एकदा तोंड वासून आचका दिला. मी म्हटलं, "श्वास घेतोय बघ." पोरगं म्हणालं, "तो श्वास नव्हे." कंपनीत त्यांना शॉक लागलेल्या माणसाची छाती कशी दाबायची ते शिकवलेलं. त्यानं कुत्र्याला कुशीवर आडवं केलं, दोन्ही हात एकावर एक ठेवले आणि मोजत दाबायला लागला. तीस झाले की खंड्याचं तोंड मिटवून नाकातनं दोन वेळा फुंकर. पुन्हा तीस. दमला तेव्हा मी घेतलं. मला वाटत होतं बरगड्या मोडतील. तो म्हणाला, "मोडू देत, थांबू नका." घड्याळ कुणी बघितलं नाही, पण पाच मिनिटं तरी झाली असतील. माझ्या दुसऱ्या पाळीत हाताखाली काहीतरी हललं. खंड्यानं खोकल्यासारखं केलं आणि श्वास ओढला. आचका नव्हे, श्वास.

आता यात फुशारकी काही नाही. ज्यानं तार लावली त्यानंच छाती दाबली, एवढंच. पण त्यानंतर मी जनावरांच्या डॉक्टरांकडनं आणि वाचून जे समजून घेतलं, ते आपल्या शिवारात सगळ्यांना माहीत असावं असं माझं मत आहे. ते तीन भागांत सांगतो.

पहिला भाग : ही विद्या आपल्याला कुत्र्यानंच शिकवली

गावात हा किस्सा सांगितला की हमखास कुणीतरी म्हणतंय, "माणसाला कुणी छाती दाबत नाही, आणि तुम्ही कुत्र्याला?" बोलणं चुकीचं नाही. पण गंमत अशी की माणसाची छाती दाबायची हे डॉक्टर लोक कुत्र्यावरच शिकले, आणि तेसुद्धा विजेच्या शॉकमुळं.

अमेरिकेत बाल्टिमोर गावात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आहे. तिथं विल्यम कोवेनहोवन नावाचे प्राध्यापक होते. डॉक्टर नव्हेत, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. लाईनवर काम करणारे वायरमन शॉकनं मरत होते, म्हणून वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसा दिला. त्याच्या आधी, १८९९ साली, जिनिव्हाच्या प्रेव्हो आणि बातेली या दोघांनी कुत्र्यांवरच दाखवलं होतं की विजेच्या धक्क्यानं काळजाचे ठोके बिघडून ते नुसतं थरथरायला लागतं, आणि त्याहून मोठ्या धक्क्यानं ती थरथर थांबवता येते. कोवेनहोवन तेच पुढं नेत होते. छाती न उघडता बाहेरनं झटका देण्याचं यंत्र ते बनवत होते.

१९५८ च्या सुमारास त्यांचा विद्यार्थी गाय निकरबॉकर याच्या एक गोष्ट लक्षात आली. यंत्राच्या जड पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर जोरानं दाबल्या की झटका द्यायच्या आधीच रक्तदाबाचा काटा थोडा वर जातो. म्हणजे नुसतं दाबल्यानं रक्त फिरतंय. मग जेम्स ज्यूड या सर्जननं साथ दिली, किती जोरानं दाबायचं, किती वेगानं, हे कुत्र्यांवर ठरवलं, आणि १९६० साली तिघांनी मिळून लेख छापला. त्यात २० माणसांची हकीकत होती, त्यातले १४ जगले. छाती फाडायला नको, यंत्र नको, दोन हात पुरेत, असा त्यांचा सांगावा होता.

त्या प्रयोगांत किती कुत्री गेली असतील याचा विचार करा. आज शेतात माणसाला शॉक लागला आणि कुणी छाती दाबून त्याला परत आणलं, तर त्यामागं ती कुत्री आहेत. आणि आपण मात्र आपल्या राखणीच्या कुत्र्याला तारेवर मरू देतो आणि सकाळी पायाला दोरी बांधून ओढ्यात टाकून येतो.

दुसरा भाग : करायचं काय, आणि आशा किती धरायची

कुत्र्यांसाठी वेगळे नियम बरीच वर्षं नव्हते. २०१२ साली शंभरावर पशुवैद्यक तज्ज्ञांनी 'रिकव्हर' नावानं पहिल्यांदा एकत्र नियम ठरवले, २०२४ साली त्यात सुधारणा केली. त्यातलं आपल्या उपयोगाचं साध्या भाषेत सांगतो.

आधी करंट बंद. मेन हाताशी नसेल तर कुत्र्याला हात लावायचा नाही. गावची लाईन तुटून पडली असेल तर काठीनंसुद्धा नाही. लांब राहा आणि वायरमनला फोन करून लाईन बंद करून घ्या.

हाक मारून, हलवून उठत नाही आणि नीट श्वास नाही, एवढं दिसलं की सुरू करा. नाडी शोधत बसू नका. मधले आचके म्हणजे श्वास नव्हे.

कुत्र्याला कुशीवर आडवं करा, डावी उजवी कुठलीही चालते. आपल्या गावठी कुत्र्याची छाती गोलसर असते, तिथं सगळ्यात रुंद भागावर हात ठेवायचा. मुधोळ किंवा कारवानीसारखी उभट अरुंद छाती असेल तर पुढच्या पायाचं कोपर छातीला जिथं टेकतं तिथं, म्हणजे थेट काळजावर. पिल्लू किंवा लहान कुत्रं असेल तर एका हाताच्या पंजात छाती धरून दाबता येते.

वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला दोनच्या जरा आत. खोली छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मी. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण हात दमले की दाब कमी होतो आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही.

श्वास द्यायचा असेल तर ३० दाबांनंतर २ फुंकरा, तोंड मिटवून नाकातनं. पण इथं आपल्या भागासाठी मोठी सूचना आहे. कुत्रं तुमचं असेल, रेबीजची लस वेळेवर झालेली असेल आणि कारण शॉक आहे हे डोळ्यांनी बघितलं असेल, तरच तोंड लावा. भटकं, अनोळखी, लाळ गळणारं कुत्रं असेल तर अजिबात नाही. विष खाल्लेल्या कुत्र्यालाही नाही, कारण तेच विष तुमच्या तोंडात येईल. अशा वेळी नुसती छाती दाबा, तीही लाळेला हात न लावता.

आता आशा किती? खरं सांगतो. चांगल्या दवाखान्यात, डॉक्टर शेजारी असताना काळीज बंद पडलेल्या कुत्र्या-मांजरांतसुद्धा घरी जिवंत परतणारी शंभरात सहाच्या आसपासच असतात. भूल दिलेली असताना बंद पडलं तर प्रमाण बरंच जास्त, काही पाहण्यांत निम्म्याच्या जवळ, कारण तिथं मूळ जनावर बऱ्यापैकी धडधाकट असतं आणि माणसं लगेच हात घालतात. म्हातारं, आजारानं खंगलेलं कुत्रं गेलं तर त्याची छाती दाबत बसण्यात अर्थ नाही, त्याला शांतपणे जाऊ द्यावं असं मला वाटतं. पण शॉकनं, बुडून, घशात काही अडकून अचानक पडलेलं तरणं कुत्रं असेल तर पहिली काही मिनिटं तुमच्या हातात आहेत, डॉक्टरांच्या नव्हेत. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टनं २०२४ साली लहान जनावरांचं मोठं हॉस्पिटल उघडलंय, अतिदक्षता विभागासकट. चांगली गोष्ट आहे. पण ते आपल्यापासनं पाचशे किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूर शंभरच्या पुढं. त्यातल्या त्यात बेळगाव जवळ. काळीज थांबल्यावर मेंदूला मिनिटांत इजा सुरू होते, त्यामुळं गाडी काढायच्या आधी हात चालू पाहिजेत.

खंड्याचं काळीज पूर्ण थांबलं होतं की श्वास बंद पडून ठोके अगदी मंद झाले होते, हे आज कुणीच सांगू शकत नाही. तिथं ईसीजी नव्हता. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "काळीज नुसतं थरथरत असतं तर छाती दाबून सहसा परत येत नाही, त्याला झटक्याचं यंत्रच लागतं. तुमचं नशीब." म्हणून आमचा किस्सा ऐकून कुणी असं समजू नये की तारेवर पडलेलं कुत्रं दाबलं की उठतंय. बहुतेक उठत नाहीत.

आणि उठलं म्हणजे बरं झालं असंही नाही. हे मला माहीत नव्हतं. श्वास आला तेव्हा मी मांडी थोपटून मोकळा झालो. डॉक्टर फोनवर म्हणाले, "खरी परीक्षा आता आहे." शॉकनंतर काही तासांनी फुप्फुसात पाणी साठू शकतं, त्यामुळं दीड दिवस तरी श्वासावर लक्ष ठेवायचं. झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला ३० च्या आत असावेत, वाढत चालले तर लगेच दवाखाना. तोंडात पाणी, दूध, ताक काही ओतायचं नाही, कारण गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. आमच्या घरी कांदा फोडून तयार ठेवला होता, तोही बाजूला ठेवायला सांगितला. शेकोटीजवळ नेऊन भराभर ऊब द्यायची नाही. पोतं पसरून कोरड्या जागी कुशीवर ठेवायचं आणि पाळत ठेवायची.

पहिले तीन दिवस खंड्याला दिसत नव्हतं. गोठ्याच्या भिंतीला डोकं लावून उभा राहायचा, एकाच बाजूला गोल फिरायचा, मी हाक मारली तरी ओळख नाही. एकदा झटकेही आले. मेंदूला रक्त कमी पडलं की असं होतं, आणि बऱ्याचदा ते काही दिवसांत हळूहळू भरून येतं, असं डॉक्टर म्हणाले. पण बघवत नव्हतं. बायको म्हणाली, "त्या रात्रीच गेला असता तर बरं झालं असतं त्याचं." मी काही बोललो नाही. मनात माझ्याही तेच होतं. ओठाला आणि पुढच्या पंज्याला भाजलं होतं, तिथं रोज औषध लावायचं. पाचव्या दिवशी सकाळी दुधाची किटली वाजली आणि त्यानं शेपटी हलवली. आई तिथंच खाली बसली.

आज तो चालतो, भुंकतो. मागचा एक पाय जरा ओढतो. त्या बांधाकडं मात्र येत नाही. मी शेतात शिरलो की वाटेवरच बसून राहतो.

तिसरा भाग : माझं खरं म्हणणं

छाती दाबायला शिका, हे माझं अर्धं म्हणणं झालं. उरलेलं अर्धं असं की आपल्या शिवारात कुत्र्यांची काळजं आपोआप बंद पडत नाहीत, ती आपण बंद पाडतो. तारेनं आणि विषानं.

विषाचं आधी उरकतो. डुकराला, उंदराला, कोल्ह्याला म्हणून पिठाच्या गोळ्यात दाणेदार औषध घालून ठेवायची सवय अजून गेली नाही. फोरेटवर, म्हणजे ज्याला आपण थिमेट म्हणतो त्यावर, ३१ डिसेंबर २०२० पासनं देशात बंदी आहे. तरी जुन्या पुड्या कोनाड्यात असतात. तो गोळा डुकराआधी कुत्रं खातं. तोंडाला फेस, डोळ्याला पाणी, अंग थरथरणं, मग श्वास बंद. इथं छाती दाबून उपयोग नगण्य. डॉक्टरांकडचं अ‍ॅट्रोपिन वेळेत मिळालं तरच काही आशा. १९६२ या नंबरवर पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी फोन लावता येतो, तो नंबर मोबाईलमध्ये आजच घालून ठेवा, आणि डॉक्टरला दाखवायला औषधाची पुडी जपून ठेवा.

आता तार. मी लावली तेव्हा माझ्याकडं सगळी उत्तरं तयार होती. डुकरं रान उठवतात, पंचनाम्याला दिवस जातात, भरपाई येईतोवर दुसरं पीक निघतं. ही सगळी खरी आहेत. मी आजही म्हणतो की जंगलाच्या कडेच्या शेतकऱ्याचं नुकसान शहरातल्या माणसाला कळत नाही. पण यातल्या कशानंही २३० व्होल्टची उघडी तार बरोबर ठरत नाही. तारेला डुक्कर, कुत्रं, शेजाऱ्याचं पोर कळत नाही. पोटातनं हे जेव्हा कळलं तेव्हा मी कुत्र्याच्या छातीवर हात ठेवून तीसपर्यंत मोजत होतो आणि माझ्यासमोर माझं पोरगं गुडघ्यावर बसलं होतं. तो खंड्याच्या मागनंच येत होता. कुत्रं चार पावलं पुढं होतं, एवढाच फरक.

कायद्याचंही सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं आपलं शेत, आपला करंट. अशी तार लावून वन्यप्राणी मारला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गुन्हा आहे. आकडा टाकून घेतलेला करंट असेल तर २००३ च्या वीज कायद्यात चोरी. आणि माणूस गेलं तर सदोष मनुष्यवध. पण खरं सांगू, कायद्याच्या भीतीनं मी तार काढली नाही. आई दुसऱ्या दिवशी बांधावर जाऊन बसली आणि म्हणाली, "काढ. मी इथनं उठत नाही."

मग पर्याय काय? मी तार काढून सौरऊर्जेवरचं झटका मशीन बसवलं. त्यात बॅटरीवरनं सेकंद-सव्वासेकंदाला एक अगदी क्षणभराचा झटका येतो. जनावर दचकून मागं फिरतं, चिकटत नाही. पण मशीन प्रमाणित घ्या, आणि त्याला घरचा करंट चुकूनही जोडू नका. अशी 'जुगाड' मशीनं मी बघितल्यात, ती म्हणजे पुन्हा तीच तार, वर फक्त डबा. वन विभागाच्या सौर कुंपणाच्या अनुदानाची चौकशी करा. झटक्यानं डुकरं शंभर टक्के थांबतात असं मी म्हणणार नाही. यंदा दोन सरी गेल्या. गेल्या तर गेल्या.

मोटरच्या पेटीत ३० मिलिअँपिअरला पडणारा ईएलसीबी बसवा आणि अर्थिंग नीट करून घ्या. पावसात पेटीला हात लावून मेलेली माणसं आपल्या तालुक्यात प्रत्येकानं एखादी तरी ऐकली आहेत.

आणि एक विनंती कृषी सहायकांना, कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेबांना आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना. शेतीशाळेत तुम्ही फवारणीचा मास्क दाखवता, मित्रकीड दाखवता. त्यातच अर्धा तास काढा आणि छाती कशी दाबायची ते दाखवा. माणसाची आधी : छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, वेग तोच १०० ते १२०, आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन. मग कुत्र्याची. वेगळा खर्च नाही, भरलेलं पोतं आणि दोन हात. माझ्या पोराला हे कंपनीनं शिकवलं म्हणून त्याला आलं. मला पन्नास वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

हे लिहिल्यावर कुणी मला नावं ठेवील, ठेवू दे. तार मी लावली होती. तुमच्या बांधावर असेल तर अंधार पडायच्या आत जाऊन काढा. उद्यावर टाकू नका, डुक्कर रात्रीच येतंय आणि पोरगंही रात्रीच डबा घेऊन येतंय.

राम राम.